मोज्यातली बाटली

माझा भाचा दुबईतल्या एका हॉटेलात पाहुण्यांना वाइन सुचवण्याचं काम करतो. ताई नातेवाइकांत सांगताना ‘निनाद हॉटेल लाइनला आहे’ एवढ्यावरच थांबते. यंदा दिवाळीला आला तो पुढच्या परीक्षेचा अभ्यास सोबत घेऊनच. परीक्षा अशी, की सहा ग्लास, पंचवीस मिनिटं, नावं झाकलेली. प्रत्येक ग्लासातली वाइन कुठल्या द्राक्षाची, कुठल्या देशातली, त्यातही कुठल्या भागातली, साधारण किती वर्षांची, हे परीक्षकांसमोर मोठ्याने, कारणं देत सांगायचं. दोन बाटल्या त्याच्या सहकाऱ्याने त्यालाही न दाखवता कागदात बांधून दिल्या होत्या. बाकीच्या मी मुंबईहून आणल्या, दुकानदाराने हातात ठेवल्या त्या. झाकायला काही सापडेना तेव्हा ताईने दाजींचे लोकरीचे मोजे काढले, मनालीच्या सहलीनंतर कपाटातच पडलेले. थुंकायला तिच्या सासूबाईंची पितळी पिकदाणी आली, चिंचेने घासून लख्ख. घड्याळ लावायचं आणि तो बोलेल ते उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे, कारण निवृत्त झाले तरी घरात मास्तरीण मीच.

ताईने स्वयंपाकघरात ओतायचं, बाटली बाहेर आणायची नाही, असा त्याचा दंडक. मोजा घातला तरी बाटलीचे खांदे कळतात म्हणे. फ्रान्समधल्या बर्गंडी भागातल्या बाटलीचे उतरते, बोर्दो भागातल्या बाटलीचे ताठ. “बाटली आतच राहणार, तर मोजा कशाला?” मी विचारलं. “तुमच्यासाठी. आईने नाव वाचलं की तुला सांगणार, आणि मी बरोबर चाललोय की भरकटलोय ते तुझ्या तोंडावर दिसणार.” यावर आम्हा दोघींना काही बोलता आलं नाही, कारण ते खरंच होतं. ताईचा राग निराळाच. “दीड-दोन हजारांची बाटली आणि पिकदाणीत?” “गिळत बसलो तर तिसऱ्या ग्लासानंतर सगळंच छान लागतं गं आई,” असं म्हणून त्याने पहिला ग्लास उचलला.

तिसऱ्या ग्लासात पांढरी वाइन होती. त्याने नाक घातलं आणि घातल्या घातल्या म्हणाला, “न्यूझीलंड. मार्लबरो. द्राक्ष सोव्हिन्यों ब्लाँ.” पुढचं सगळं सांगून झालं, मोजा काढला, तंतोतंत तेच. पाचव्यात लाल. तिच्यावर तो बराच वेळ अडला. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला, पुन्हा पुन्हा हुंगला, थुंकला, खाली मान घालून बसला, आणि शेवटी म्हणाला, इटली, पिएमाँते, द्राक्ष नेब्बियोलो, वाइन बारोलो. मोजा काढला तर ग्रीस. उत्तर ग्रीसमधल्या नाउसाची, झिनोमाव्रो द्राक्षाची. मला वाटलं आता तोंड पाडणार. तर पठ्ठ्या मांडीवर थाप मारून हसला. आणि तो न्यूझीलंडचा ग्लास मात्र त्याने बाजूला सारून ठेवला होता. “त्यात काय, एका सेकंदात वासावर ठरवलं आणि मग उरलेलं सगळं त्या वासाच्या मागून ओढत नेलं. परीक्षेत असंच करतात आणि आपटतात.”

बरोबर आलं त्यावर धुसफुस, चुकलं त्यावर खूश. हे मला काही केल्या पचेना.

गणित शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला खरं तर हे लगेच उमगायला हवं. बोर्डाचे पेपर तपासताना उत्तर चुकलं तरी पायऱ्यांना गुण द्यायचे, हे आमच्या हाडीमाशी मुरलेलं. आणि पुस्तकाच्या मागचं उत्तर आधी बघून मग पायऱ्या त्याच्या अंगाने वळवणारी पोरंही आम्हाला पानावरूनच कळायची. तरीही मनात एक कडू मास्तरीण असतेच, जी म्हणते, बरोबर ते बरोबर. बारोलो मागवणाऱ्या गिऱ्हाइकाला ग्रीसची वाइन देऊन ‘पायऱ्या बरोबर होत्या’ असं सांगता येईल का?

निनाद म्हणाला, तिथे तर लेबल दिसतंच की. झाकून चाखणं हे गिऱ्हाइकासाठी नसतं, स्वतःच्या जिभेचा हिशेब तपासायला असतं. या क्षेत्रातली सगळ्यात खडतर समजली जाणारी ‘मास्टर ऑफ वाइन’ची परीक्षा लंडनमध्ये 1953 साली सुरू झाली. तिच्यात तीन पेपरांत मिळून 36 वाइन झाकून समोर येतात, आणि प्रत्येक पेपरात बारा ग्लासांसाठी सव्वादोन तास मिळतात. तिथेही नाव चुकलं पण युक्तिवाद पुराव्याला धरून असला तर गुण मिळतात, आणि नाव बरोबर पण कारणच नाही तर फारसे मिळत नाहीत. भारतातून ही पदवी सगळ्यात आधी मिळवली सोनल हॉलंड यांनी, 2016 साली. निनाद त्यांचं नाव घेतो तेव्हा त्याच्या आवाजात जो आदर येतो, तो मी त्याच्या तोंडून आधी फक्त सचिनबद्दल ऐकला होता.

मग मी त्याच्या पायऱ्या बारकाईने बघायला लागले. आधी रंग. तांबड्या वाइनची ग्लासाच्या कडेला येणारी किनार बघायची. तरुण वाइन जांभळट असते, वय झालं की विटकरीकडे झुकते. पांढरीचं उलट, ती वयानुसार गडद होत जाते. मग नाक. आणि मग तोंड, जिथे मला वाटत होतं की चवीची कविता सुरू होणार. तर तिथे निघाली शुद्ध मोजमापं. आंबटपणा किती हे जीभ ठरवत नाही, लाळ ठरवते. घोट थुंकल्यावर तोंड किंचित उघडं ठेवून मान खाली घालायची आणि लाळ किती झरझर साचते ते बघायचं. तो खाली मान घालून बसला होता तो याचसाठी. मला वाटलं विचारात पडलाय. तुरटपणा बघायचा तर ओठ आणि हिरडी यांच्यामधून जीभ फिरवायची, कुठे खरखरतं, कुठे कोरडं पडलंय ते कळतं. आणि अल्कोहोल म्हणजे तोंडाने श्वास आत घेतला की घशाशी लागणारी ऊब. मीही करून पाहिलं. लाळेचं अगदी खरं निघालं. पाचव्या ग्लासानंतर तोंडात एवढं पाणी सुटलं की पदर लावावा लागला, आणि त्याच वेळी हिरड्या मात्र कोरड्या ठक्क. एकाच तोंडात दोन्ही एकदम.

तिथेच त्याचा तर्क अडकला होता. रंग फिका आणि विटकरी, पण तुरटपणा दणदणीत आणि आंबटपणाही चढा. सहसा फिक्या रंगाच्या तांबड्या वाइन सौम्य असतात, कारण रंग आणि तुरटपणा दोन्ही मुख्यतः द्राक्षाच्या सालीतून येतात. रंग कमी पण तुरटपणा भरपूर देणारी द्राक्षं जगात फार नाहीत. त्यातलं सगळ्यात नामांकित नेब्बियोलो, आणि त्याच्याशी कायम गल्लत होणारं झिनोमाव्रो. म्हणजे शेकडो जातींतून गाळत गाळत तो दोनांवर आला आणि तिथे चुकीचं दार उघडलं. मी उतरवलेला कागद त्याने मागून घेतला. चौथ्या ओळीत माझ्या अक्षरात ‘टोमॅटो?’ असं होतं. तो स्वतः बोलला होता आणि विसरला होता. सुकवलेल्या टोमॅटोचा वास ही झिनोमाव्रोची जुनी खूण. “हे बघ, आरोपी समोर उभा होता, मी नाव-गाव न विचारता सोडून दिला,” म्हणाला. खूश होता तो यासाठी. चूक नेमकी कुठल्या ओळीत झाली, ते बोट ठेवून दाखवता येत होतं.

वासांचं मला कायम थोतांड वाटायचं. बाटलीत द्राक्षाच्या रसाखेरीज काही घातलेलं नसताना त्यात ढोबळी मिरची, मिरी आणि पेट्रोल कुठून येणार? पण यातले बरेच वास उपमा नसून शब्दशः तेच असतात. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये जो हिरवा, ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास येतो, तो मेथॉक्सिपायराझिन नावाच्या संयुगांचा, आणि ढोबळी मिरचीतही तीच असतात. एक लिटर पाण्यात यातलं एक-दोन नॅनोग्रॅम मिसळलं तरी माणसाच्या नाकाला पत्ता लागतो. द्राक्ष पिकताना उन्हाने हे संयुग उतरत जातं, म्हणून हा वास जोरात असला की थंड मुलूख किंवा लवकर केलेली तोडणी यांच्याकडे बोट जातं. रीसलिंग ही पांढरी वाइन मुरली की तिला रॉकेल-पेट्रोलच्या जवळचा वास सुटतो. लोण्याचा वास आला तर वाइन आंबटपणा मवाळ करणाऱ्या जिवाणूंच्या हाताखालून गेली आहे. नारळ आणि व्हॅनिला आले तर बहुधा अमेरिकन ओकच्या पिंपात राहिली आहे. नाक इथे वाइनचं कौतुक करत नाही. ती कुठे वाढली, कुणाच्या हाताखाली राहिली, याची चौकशी करतं.

आणि हे नाक प्रत्येकाला सारखं मिळालेलं नसतं. शिराझ या तांबड्या वाइनमधला मिरीचा वास ज्या रेणूमुळे येतो तो रोटुंडोन, त्याचा छडा ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 साली लावला. मिरीतही तोच. गंमत अशी की त्यांच्या चाचणीत पाचातल्या एकाला तो पाण्यात भरपूर मिसळला तरी जाणवतच नव्हता. निनाद त्या पाचव्यातला. लहानपणी ताई काढ्याला मिरी कुटायची तेव्हा आम्ही सगळे नाक चोळायचो आणि हा शांत बसलेला असायचा. त्या वेळी वाटायचं, पोरगं सोशिक आहे. मिरी त्याला तिखट लागते, पण तिचा म्हणून जो वास, तो त्याला जवळजवळ येतच नाही. म्हणजे शिराझ ओळखायची सगळ्यात सोपी खूण त्याला निसर्गाने दिलेलीच नाही. तरी तो ओळखतो, गडद रंग, भरलेपणा, अल्कोहोल, तुरटपणाची जात, असं चहूबाजूंनी घेरत घेरत. मला वाटतं पायऱ्यांवरचा त्याचा एवढा जीव इथूनच आला असावा. ज्याचं नाक शंभर टक्के आहे, त्याला पायऱ्यांची गरज उशिरा कळते.

आता कुणीतरी म्हणणारच की हे सगळं थोतांड असल्याचं केव्हाच सिद्ध झालंय. फ्रान्समधल्या बोर्दोच्या प्रयोगाचा दाखला त्यासाठी हमखास दिला जातो. वाइनचं शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिच्यासाठी तांबड्या वाइनची विशेषणं वापरली. 2001 साली हा शोधनिबंध आला आणि तेव्हापासून प्रत्येक पार्टीत कुणी ना कुणी तो सांगतंच. पण त्या विद्यार्थ्यांना ‘ही तांबडी की पांढरी’ असं विचारलंच नव्हतं. दोन ग्लास समोर, आणि कुठला वास कुणात जास्त एवढंच विचारलेलं. डोळा नाकाला वेठीला धरतो, हे त्यातून निघतं, आणि ते भयंकर आहेच. पण ते ठाऊक असल्यामुळेच तर मोजे लागतात.

पॅरिसची गोष्ट मला जास्त आवडते. 24 मे 1976. स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज वाइनविक्रेत्याने नऊ फ्रेंच परीक्षकांसमोर फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन झाकून ठेवल्या. निकाल सर्वश्रुत आहे, पांढऱ्यांत आणि तांबड्यांत दोन्हीकडे पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा. मजा निकालापेक्षा अलीकडे आहे. तिथे हजर असलेल्या ‘टाइम’च्या एकमेव वार्ताहराने टिपून ठेवलं, की एक परीक्षक कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यातल्या वाइनचा घोट घेऊन ‘चला, पुन्हा फ्रान्सला आलो’ अशा अर्थाचं म्हणाले, तर दुसऱ्याने अस्सल बर्गंडीला ‘हिला नाकच नाही, ही कॅलिफोर्नियाचीच’ म्हणून निकालात काढलं. ही माणसं अडाणी नव्हती, त्या देशातली नामवंत होती. पण चांगलं लागलं की आपलं आणि नाही लागलं की परकं, एवढी एकच पायरी त्यांनी चढली. निकालानंतर परीक्षक ओदेत कान यांनी आपला गुणांचा कागद परत मागितला होता म्हणतात. निवृत्त मास्तरीण म्हणून मला त्यांची कळ समजते.

अमेरिकेत रॉबर्ट हॉजसन नावाच्या वाइन करणाऱ्या प्राध्यापकाने कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन इतर ग्लासांत मिसळून तीनदा दिली. तिन्ही वेळा साधारण एकाच पदकाच्या आसपास गुण देणारे दहातला एक निघाले. हे वाचून मला राहवलं नाही आणि मी निनादला न सांगता एकच तांबडी वाइन दोन ग्लासांत ओतायला लावली. आंबटपणा, तुरटपणा, अल्कोहोल याबद्दल तो दोन्ही वेळा जे बोलला ते जवळपास शब्दाला शब्द जुळलं. वासांचं मात्र कडबोळं. एकीत आलुबुखार आणि चामडं, दुसरीत चेरी आणि धूर, आणि देशही दोन निराळे. खरं सांगितल्यावर तो अर्धा तास वाद घालत होता, की दुसऱ्या ग्लासाला हवा जास्त लागली होती. ताईने निर्णय दिला की दोन्ही ग्लास तिने एकापाठोपाठ ओतले. मला त्यातून माझ्यापुरतं कळलं ते असं, की या कलेचा भरवशाचा भाग तोच, जो ऐकायला रटाळ असतो. लाळ, हिरडी, घशाची ऊब. ज्याच्यावर लोक भाळतात ते चामडं आणि धूर, त्यावर घर बांधू नये. गुण देणाऱ्यांची वासलात का लागते आणि ओळखणारे का तगतात, त्याचंही थोडं उत्तर यात असावं. एकाला आवड सांगायची असते, दुसऱ्याला पुरावा.

आणि पुराव्याशिवाय आलेल्या उत्तराचं काय होतं, ते 2018 साली अमेरिकेत दिसलं. ‘मास्टर सोमेलिये’, म्हणजे हॉटेलात वाइन सुचवणाऱ्यांची सर्वोच्च पदवी, तिच्या परीक्षेत त्या वर्षी एकदम 24 जण उत्तीर्ण झाले. मग उघड झालं की पदवीधारकांपैकीच एकाने झाकलेल्या वाइनबद्दलची माहिती आधी फोडली होती. चाखण्याच्या परीक्षेचा निकाल रद्द झाला आणि 23 जणांची पदवी गेली, ज्यांनी प्रामाणिकपणे घाम गाळला होता त्यांचीही. उरलेला एक वाचला, कारण तो ती परीक्षा आदल्या वर्षीच पास झालेला. निनाद हा विषय निघाला की उठून जातो.

पण पायऱ्यांनाही तडे जाताहेत. वाइन ओळखण्याचा सगळा डोलारा ‘थंड मुलखात आंबटपणा टिकतो, गरम मुलखात साखर वाढते आणि पर्यायाने अल्कोहोल’ या एका जुन्या नियमावर उभा आहे. बोर्दोच्या तांबड्या वाइन पूर्वी साडेबारा टक्क्यांच्या आसपास असायच्या, आता मुलूख तापत चाललाय तशा चौदाच्या घरातल्या सर्रास दिसतात. गरम देशांत आंबटपणा कमी पडला तर टार्टारिक ॲसिड वरून घालायची रीतच आहे. म्हणजे लाळ खोटं सांगत नाही, पण ती ज्याची साक्ष देते ते ठिकाणच बदलून बसलंय.

याच मुद्द्यावर आमची गाडी निफाडला, द्राक्षं पिकवणाऱ्या आण्णांकडे गेली. निनाद म्हणत होता की पुस्तकात नाशिकची पायरीच नाही. इथे हिवाळ्यात वेल झोपत नाही. एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या करून वर्षाला एकच पीक घ्यावं लागतं. युरोपात सप्टेंबरात तोडणी, आमच्याकडे जानेवारी ते मार्च. दुपारी ऊन चटकतं आणि पहाटे निफाडचा पारा पेपरात छापून येण्याइतका घसरतो. असल्या हवेची शेनिन ब्लाँ, म्हणजे पांढरी वाइन, झाकून समोर आली तर लंडनचा परीक्षक तिला कुठे बसवेल? आण्णांनी एके काळी शिराझ लावली होती, करारावर. 2009 च्या मंदीच्या सुमाराला कंपनीने माल उचलणं थांबवलं, तेव्हा आजूबाजूच्या अनेकांप्रमाणे त्यांनीही वेली उपटल्या आणि पुन्हा खायचं थॉमसन लावलं. कंपनीबद्दल ते बोलत नाहीत. त्या द्राक्षांबद्दल एवढंच बोलतात, की मणी वाटाण्याएवढा, साल जाड आणि आत नुसत्या बिया. आण्णा माळकरी. वाइनची द्राक्षं पिकवली, पण वाइन कधी ओठाला लावली नाही.

निनादने शेजारच्याच शिवारातल्या द्राक्षांची शेनिन उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी वास घेतला, ग्लास परत दिला, आणि तो आपला छापील तक्ता भरत असताना बघत बसले. “वासावरनं छाटणी कधीची ते कळतं का रं?” नाही म्हणाला. “पाणी कधी तोडलं ते?” तेही नाही. “मंग पत्ता ओळखतो म्हंजी काय ओळखतो?” निनादने त्यांनाच विचारलं, की शेजाऱ्यांनी पाणी कधी तोडलं असेल. आण्णांनी आठवून तारीख सांगितली, वर त्या वर्षी अवकाळी कधी झाला तेही. लिहायला घेतलं तर तक्त्यात रंगाला, वासाला, चवीला रकाने होते, याला नव्हता. त्याने समासात लिहिलं आणि आण्णांना विचारलं, “आजोबा, आदल्या वर्षीचं पण आठवतं का?”